खाऱ्या वाऱ्यातला चोक

डहाणू-तलासरीच्या रस्त्यांवर एमएच-०४ पाटीची एखादी जुनी मारुती ८००, ओम्नी किंवा क्वचित प्रीमियर पद्मिनी अजून दिसते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. त्याआधी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून जुन्या जमान्यातल्या इथल्या गाड्या ठाण्याच्या नंबराच्या. अशी गाडी २०००च्या आधीची असेल तर इंजिनावर बहुतेक कार्ब्युरेटर असणार आणि आत हाताशी चोकची मूठ. मालकांच्या तक्रारी दोनच असतात. एक, सकाळी गाडी लागत नाही. दुसरी, लागते, पण काळा धूर सोडते आणि पेट्रोल पिते. दोन्हींवर गॅरेजमधून हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘कार्बोरेटर खोलावा लागेल’. माझं मत असं की निदान वाढवण, वरोर, चिंचणी अशा समुद्राला लागून असलेल्या गावांत कार्ब्युरेटर खोलण्याआधी चोकची केबल बघावी. दुखणं बऱ्याचदा तिथेच असतं आणि ते घरच्या अंगणात, एक स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड आणि दोन-तीन पाने एवढ्या सामानात निघतं.

आधी चोक करतो काय ते पाहू. इंजिनात द्रव पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं मिश्रण पूर्ण जळतं. आकारमानात बोलायचं तर एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. हे गणित गरम इंजिनाचं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हवा थंड असते, आणि हवा-पेट्रोल ज्या नळ्यांतून सिलिंडरकडे जातं तो मॅनिफोल्डही थंड असतो. तिथे पेट्रोलचा हलका भाग तेवढा उडतो आणि बाकीचं नळ्यांच्या भिंतींना थेंबाथेंबाने चिकटून राहतं. जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या बारीक छिद्रातून, पेट्रोल योग्य मापात निघूनही सिलिंडरमध्ये पोचणारी वाफ ठिणगीला पेट घ्यायला अपुरी पडते. उपाय सरळ आहे. पेट्रोल जास्त सोडायचं, म्हणजे त्यातला उडणारा अंश तरी पुरेसा होईल. म्हणून थंड इंजिनाला सेल्फ मारताना १ भाग पेट्रोलमागे हवा तीन-चार भागांपर्यंतही खाली आणतात.

हे साधण्यासाठी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, एअर क्लीनरच्या लगेच खाली, एक पितळी किंवा लोखंडी झडप असते. मूठ ओढली की केबल ही झडप आडवी करते आणि हवेची वाट बंद होते. पिस्टन खाली जाताना जी ओढ लावतो तिला वरून हवा मिळत नाही, त्यामुळे ती सगळी जेटवर येते आणि पेट्रोल भसाभस वर चढतं. इंजिन लागल्यावर मात्र झडप पूर्ण बंद राहून चालत नाही, नाहीतर ते लगेच बुडेल. म्हणून झडपेचा दांडा बरोबर मध्यावर न बसवता थोडा एका बाजूला बसवतात. इंजिनाने जोर धरला की आत शिरू पाहणारी हवाच झडप स्प्रिंगच्या विरोधात जराशी ढकलून उघडते. काही कार्ब्युरेटरांत हे काम निर्वातावर चालणारा एक छोटा डायफ्रॅम करतो. यालाच जोडून आणखी एक सोय असते. चोक ओढला की एका कॅममधून किंवा दांडीतून खालची थ्रॉटलची झडपही किंचित उघडते आणि थंड इंजिन नेहमीपेक्षा जास्त फेऱ्यांवर फिरतं. याला ‘फास्ट आयडल’ म्हणतात. चोकची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत ही दांडी वाकलेली किंवा तिचा स्क्रू सैल झालेला असणं अगदी सामान्य आहे.

सगळ्याच गाड्यांत अशी झडप नसते. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांवरच्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये चोक ओढला की जेटच खाली सरकतो आणि सुईभोवतीची फट वाढून जादा पेट्रोल येतं. फियाट-पद्मिनीच्या घराण्यात भेटणाऱ्या जुन्या सोलेक्स कार्ब्युरेटरांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांत बाजूला एक छोटी तबकडी असते. ती फिरली की थ्रॉटलच्या खाली उघडणारी स्वतंत्र वाट सुरू होते आणि त्या वाटेने दाट मिश्रण जातं. या तबकडीच्या दोन पायऱ्या असतात, अर्धी आणि पूर्ण. असा कार्ब्युरेटर असलेली गाडी सुरू करताना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा नाही, कारण थ्रॉटल उघडली की त्या वाटेवरची ओढच संपते. ‘चोक ओढतो, पाय मारतो, तरी लागत नाही’ असं म्हणणाऱ्या कित्येक फियाटवाल्यांचा रोग त्यांच्या पायातच असतो. झडपवाल्या कार्ब्युरेटरला मात्र सुरू करण्याआधी पेडल एक-दोनदा दाबलेलं चालतं. त्यातला पंप दर वेळी पेट्रोलची एक पिचकारी आत मारतो. मारुतीचा मिकुनी धाटणीचा कार्ब्युरेटर या दुसऱ्या जातीचा. तेव्हा हत्यारं काढण्याआधी आपल्याकडे कोणती जात आहे ते एअर क्लीनर उतरवून बघावं.

आता हवामान. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात जी फियाट ११०० बांधली, आणि पुढे जिचं पद्मिनी झालं, ती मुळात इटलीतल्या तुरीनची. तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं. चोकचा पूर्ण पल्ला तशा सकाळींसाठी आहे. आपल्याकडे वाढवणच्या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण पंधरा-सोळा अंशांच्या घरात असतो. तलासरीकडे आत किंवा जव्हारच्या घाटमाथ्यावर थोडा अधिक उतरतो, इतकंच. मे महिन्यात तर चोकला हातही लावावा लागू नये. थंडीत अर्धी मूठ, सेल्फ, इंजिन लागलं की मूठ थोडी आत, आणि एक-दोन किलोमीटरमध्ये पूर्ण आत, एवढ्यावर निरोगी गाडीचं भागतं. याहून जास्त मागणारी गाडी आजारी आहे असं समजावं.

पण आपली माणसं चोक ओढतात आणि विसरतात. त्यातही किनाऱ्यावरच्या गावांत गाडीच्या फेऱ्या छोट्या, वाढवणहून वरोर, चिंचणीचा बाजार, फार तर डहाणू रोड स्टेशन. इंजिन नीट गरम होतं न होतं तोच ते बंद होतं आणि दुपारी पुन्हा चोक ओढला जातो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरची तेलाची पातळ साय धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलचा वास आला, तर आनंद मानू नका. ऑइल लगेच बदला आणि चोक तपासा. स्पार्क प्लगवर कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी दिसणं हीसुद्धा त्याचीच खूण.

अर्थात विसरलेला चोक हा मालकाचा दोष. मूठ आत ढकलूनही झडप अर्धवट बंदच राहते, तो दोष केबलचा, आणि इथे समुद्र आपलं काम करतो. चोकची केबल म्हणजे एका वेटोळ्या आवरणातून जाणारी एकेरी ताठ तार. डॅशबोर्डमधून निघून, इंजिनाच्या मागच्या पत्र्याच्या भिंतीतल्या रबरी बुचातून ती कार्ब्युरेटरपाशी येते. बॉनेटखालचं तिचं टोक उघडं असतं. खारा दमट वारा त्यात शिरतो आणि आवरणाच्या आतून गंज धरतो. आधी मूठ जड होते, मग ओढताना करकरते. शेवटी ती ओढता येते, पण ढकलता येत नाही, कारण तारेला ओढ सोसते, रेटा सोसत नाही. ती मध्येच वाकते. बाहेरून मूठ आत गेलेली दिसते आणि आत झडप तशीच तिरकी. गाडी रोज चोकवरच धावत असते आणि मालक पंपवाल्याच्या मापाला दोष देत असतो.

आता प्रत्यक्ष काम. ते थंड इंजिनावर, शक्यतो सकाळी, आणि उघड्या अंगणात करा. बंद पडवीत किंवा शेडमध्ये चोक ओढलेलं इंजिन चालवणं जिवावर बेतू शकतं. दाट मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बिडी-सिगारेट लांब ठेवा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या. एअर क्लीनरचा नट काढून तो लगेच खिशात टाका; कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडात पडलेला नट सिलिंडरपर्यंत गेला तर हे फुकटचं काम हजारोंचं होतं. मग घरातल्या कुणालातरी आत बसवून मूठ हळूहळू ओढायला आणि ढकलायला सांगा आणि तुम्ही झडपेकडे बघा. मूठ पूर्ण आत असताना झडप अगदी उभी हवी, वरून नुसती तिची कड दिसली पाहिजे. मूठ पूर्ण बाहेर असताना ती तोंडावर पुरती आडवी बसायला हवी. दोन्ही टोकं बरोबर असतील तर केबलला हात लावू नका, दुखणं दुसरीकडे आहे.

झडप आणि केबल यांपैकी अडतंय काय हे ठरवायला केबल झडपेच्या दांडीवरून सोडवा. झडप बोटाने फिरवून बघा. ती सहज फिरून स्प्रिंगने परत यायला हवी. अडकत असेल तर दांड्याच्या दोन्ही टोकांवर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारा आणि पुनःपुन्हा फिरवा. तिथे तेल घालण्याचा मोह टाळा. तेलावर धूळ बसते आणि महिनाभरात दांडा आधीपेक्षा जास्त चिकटतो. डहाणूच्या रस्त्यांवर धुळीला तोटा नाही. झडप मोकळी असेल तर केबल गुन्हेगार. तिचं आवरण उभं धरून वरच्या टोकातून पातळ मशीन ऑइलचे थेंब सोडावेत, तार मागेपुढे करत राहावं, तेल खालून निघेपर्यंत. गंजाचं तांबडं पाणी आधी निघेल, ते निघू द्या. तार कुठे मोडून कोन धरला असेल तर ती सरळ करण्यात वेळ घालवू नका, नवी केबल घ्या. जुन्या मॉडेलची नेमकी केबल मिळाली नाही तरी तेवढ्याच लांबीची दुसरी चालते. फक्त मूठ डॅशबोर्डच्या भोकात नीट बसते ना ते पाहून घ्यावं.

केबल परत बसवताना ॲडजस्टमेंट होते ती अशी. मूठ पूर्ण आत ढकला, मग दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढा आणि तशीच ठेवा. बॉनेटखाली झडप बोटाने पूर्ण उभी धरा. आवरणाचं टोक त्याच्या क्लिपमध्ये पक्कं करा, तार दांडीवरच्या गुटक्यातून घाला, पक्कडीने हलकेच ताणून ढील काढा आणि गुटक्याचा स्क्रू आवळा. सुरुवातीला बाहेर ठेवलेल्या त्या दोन-तीन मिलिमीटरमुळे मूठ पूर्ण आत गेल्यावर तारेत किंचित सैलपणा राहतो आणि झडप उघडी राहण्याची खात्री होते. सगळ्या कामाचं मर्म एवढंच आहे. तार अगदी ताठ बसवली तर इंजिन हादरलं की ती झडप ओढते. फार सैल बसवली तर मूठ पूर्ण ओढूनही झडप बंद होत नाही. दोन्ही टोकं पुन्हा तपासा. तबकडीवाल्या सोलेक्सवरही रीत हीच, फक्त झडपेऐवजी बाजूची दांडी मागच्या अडणीला टेकते की नाही ते पाहायचं.

मूठ ओढून सोडली की आपोआप आत सरकते, असाही एक रोग असतो. मुठीमागची पकड झिजलेली असते. जुने ड्रायव्हर यावर कपड्यांचा चिमटा लावतात आणि तो उपाय खरंच चालतो. मात्र चिमटा काढायचं लक्षात ठेवणारा ड्रायव्हर हवा.

फास्ट आयडल शेवटी पाहावं. मूठ पूर्ण ओढल्यावर थ्रॉटलची दांडी कॅमवर चढून थोडी सरकताना दिसली पाहिजे. तिथला स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवून, थंड इंजिन बंद पडणार नाही आणि किंचाळणारही नाही असा आवाज साधावा. नेमकी फट गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ती ड्रिलच्या बिटने मोजता येते. चोक पूर्ण आत असताना मात्र कॅम आणि दांडी यांत थोडी मोकळीक हवी. ती नसेल तर गरम गाडीचं आयडलिंग कमी होणारच नाही, मग आयडलचा स्क्रू कितीही पिळा.

एअर क्लीनर परत बसवताना त्याचा फिल्टरही बघून घ्या. गच्च भरलेला फिल्टर हाही एक प्रकारचा चोकच. परिणाम तोच, काळा धूर आणि घटलेलं ॲव्हरेज. त्यानंतर गाडी चांगली गरम करून एक परीक्षा करावी, जी मला फार उपयोगी वाटते. चालत्या गरम इंजिनावर चोक जरासा ओढून बघा. इंजिन गुदमरलं तर मिश्रण ठीक आहे. उलट ते सुधारलं, मिसिंग थांबलं, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. आयडल जेटमध्ये कचरा असेल, मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल किंवा निर्वाताची एखादी रबरी नळी तडकली असेल. चोक आत ढकलल्यावर बंद पडणारी गाडी हेच सांगत असते. अशा वेळी चोक अर्धा ओढून आठवडे काढणं म्हणजे तापावर गोळ्या खाऊन कामावर जाणं आहे. हा चोकचा दोष नाही आणि इथून पुढे गॅरेज गाठलेलं बरं. फ्लोटची पातळी आणि जेट यांना घरी हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. जूनपासून सकाळी न लागणाऱ्या गाडीचा चोक ओढ-ओढ ओढला जातो आणि प्लग पेट्रोलने भिजतात. दमट हवेत बिघाड बहुधा ठिणगीच्या बाजूला असतो. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरलेली असते किंवा प्लगच्या जुन्या वायरींमधून करंट गळतो. टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसली की काम होतं. तोवर इंजिन बुडालं असेल तर मूठ पूर्ण आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पाय वरखाली करू नका, प्रत्येक दाबाला पंप आणखी पेट्रोल टाकतो.

एक नवी अडचण पंपावरूनच आली आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल जाळायला हवा कमी लागते, १ भागाला साधारण ९ भाग. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने कोरलेले, त्यामुळे या इंधनावर मिश्रण पातळ पडतं. शिवाय इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. थंड इंजिनात ते पेट्रोलमधल्या हलक्या अंशासारखं चटकन उडत नाही. म्हणून तीच गाडी आज पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ चोक मागत असेल, तर तो तुमचा भ्रम नाही. इथेनॉल पाणीही ओढतं. किनाऱ्यावर महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत हे पाणी खाली साचतं आणि फ्लोटच्या भांड्यात पांढरट गंज धरतो. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी चांगली गरम होईपर्यंत फिरवावी, आणि जुन्या रबरी नळ्या बदलून घ्याव्यात.

२००० सालच्या आसपास नवे प्रदूषण निकष लागू झाले तशा मोटारी एमपीएफआयवर, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारण्याच्या पद्धतीवर, गेल्या आणि चोकची मूठ गायब झाली. तिचं काम आता तापमान मोजणारा सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. मोटरसायकलींवर ती एप्रिल २०२०मध्ये भारत स्टेज ६ येईपर्यंत टिकली. ज्यांच्या गाडीत ती अजून आहे, त्यांना पीयूसी काही चुकत नाही. मार्च २०००पर्यंत बनलेल्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. अर्धवट अडकलेल्या चोकवर हे आकडे जमत नाहीत, आणि मग माणूस मिक्श्चरचा स्क्रू पिळायला लागतो, तोही अशा गाडीचा ज्यात मिक्श्चर बरोबरच होतं. पीयूसीला निघण्याआधी गाडी नीट गरम करा, एअर क्लीनर उतरवा आणि झडप उभी आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.